मनाची पाटी

कागद-पेन्सिल न घेता २७ ला १४ ने गुणून पाहा. सत्तावीस दाहे दोनशे सत्तर हा आकडा मनात धरावयाचा, सत्तावीस चोक एकशे आठ काढावयाचे आणि मग बेरीज करावयाची. या क्षणभराच्या धरून ठेवण्यास मानसशास्त्रात 'कार्यस्मृती' म्हणतात. आम्ही तिला मनाची पाटी म्हणू.

ही पाटी फार लहान असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली तिची मर्यादा सुमारे सात गोष्टींची सांगितली. पुढे नेल्सन कोवन यांनी २००१ साली ती चाराच्या आसपास आणली. निर्णय घेतानाही हीच पाटी लागते. दोन्ही बाजू एकदम डोळ्यांपुढे असल्याशिवाय तुलना होत नाही. पाटी चिंतेने किंवा गडबडीने भरली, की पहिला सुचेल तोच मार्ग आपण धरतो. एका दमात सांगितलेली चार कामे ऐकून मूल दोनच करते, तेव्हा ते हट्टी किंवा मंद असते असे नव्हे. पुष्कळदा त्याची पाटी भरलेली असते.

मग सरावाने ही पाटी वाढेल काय? पिट्सबर्ग येथील एका विद्यार्थ्यावर झालेला प्रयोग १९८० साली प्रसिद्ध झाला. आरंभी त्याला एकदा ऐकलेले सातच अंक म्हणता येत. सुमारे २३० तासांच्या सरावानंतर तो ७९ अंक म्हणू लागला! तो धावपटू होता. ३४९२ हे अंक ऐकताच तो 'मैलाची शर्यत, ३ मिनिटे ४९.२ सेकंद' अशी एकच गाठ बांधी. परंतु अंकांऐवजी अक्षरे देताच तो पुन्हा सहांवर आला. पाटी वाढली नव्हती. थोडक्यात लिहिण्याची युक्ती मात्र साधली होती.

२००८ साली सुझान यॅगी व त्यांचे सहकारी यांनी अशा सरावाने बुद्धीही वाढते असे मांडले, आणि मेंदूच्या व्यायामाचे खेळ जोरात विकले जाऊ लागले. परंतु २०१३ साली अनेक प्रयोगांचा एकत्र विचार झाला, तेव्हा दिसले ते एवढेच, की ज्याचा सराव करावा त्यात व त्यासारख्या कामात प्रगती होते. गणित, वाचन वा सर्वसाधारण विचारशक्ती यांवर तिचा भरवशाचा परिणाम होत नाही.

म्हणून अशा खेळांवर पैसे खर्चण्यापूर्वी पालकांनी विचार करावा. पाढे, पावकी, निमकी पाठ असली म्हणजे ती पाटीवर मांडावी लागत नाहीत, आणि उदाहरणाचा विचार करण्यास जागा उरते. विषय नीट समजला, की सुट्या गोष्टींची एक गाठ होते. मोठा निर्णय घेताना दोन्ही बाजू कागदावर लिहाव्यात. कागद ही पाटीला लाभलेली जोडपाटीच होय. आणि धाकट्या भावंडाला कामे सांगावयाची असल्यास एकेक करून सांगावीत!