अळीला बेसन, पतंगाला मध

कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात किडे मारायला शिकवतात, असा आपला समज. प्रत्यक्षात तिथला बराचसा वेळ किड्यांना खाऊपिऊ घालण्यात जातो. एखादं औषध तपासायचं तर एकाच वयाच्या, एकाच खाण्यावर वाढलेल्या शेकडो अळ्या एकदम हाताशी लागतात. शेतातून वेचून आणलेल्यांचा भरवसा नाही. कुणी कालच जन्मलेली, कुणी कोषात जायच्या बेतात, तर कुणाच्या पोटात आधीच परजीवी बसलेला. म्हणून अळ्या घरच्याच हव्यात.

आणि थाट काय! घाटेअळीच्या जेवणात हरभऱ्याचं पीठ, यीस्ट, जीवनसत्त्वं, शिवाय हे सगळं थिजवायला आगर. पतंग झाले की कापसाच्या बोळ्यावर मधाचं पाणी आणि अंडी घालायला मलमलीचा कपडा. मेसमध्ये जेवणाऱ्या विद्यार्थ्याला हेवा वाटावा अशी ही बडदास्त. पण एवढं खाऊनही घाटेअळ्यांचं आपसात पटत नाही. एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात. त्यामुळे प्रत्येकीला स्वतंत्र कप्पा किंवा बाटली द्यावी लागते, आणि दिवाळीच्या सुट्टीतही कुणीतरी विभागात थांबून त्यांचं जेवण बदलत बसतं.

पोस्टकार्डावर वीस हजार

मित्रकीटकांचा कारखाना याहून गमतीचा. ट्रायकोग्रामा ही जेमतेम अर्धा मिलिमीटरची गांधीलमाशीची धाकटी नातेवाईक. ती दुसऱ्या किड्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते आणि तिचं पिल्लू यजमानाला आतूनच संपवतं. तिला वाढवायला अंडी हवीत, आणि ती पुरवतो कॉर्सिरा, म्हणजे साठवलेल्या तांदूळ-ज्वारीत जाळी करणारा पतंग. त्याला भरडलेल्या ज्वारीवर टबांत वाढवतात. अंडी गोळा करून चाळतात, अतिनील किरणांखाली धरून त्यांतला जीव मारतात आणि गोंद लावलेल्या कार्डावर पसरतात. पोस्टकार्डाएवढ्या एका ट्रायकोकार्डावर साधारण वीस हजार अंडी बसतात. तीन-चार दिवसांत ती काळी पडली की समजायचं, ट्रायकोग्रामाने घर केलं. मग कार्डाच्या पट्ट्या कापून शेतकरी त्या पानांच्या खालच्या बाजूला टाचतो.

इथे एक नाट्य आहे. ब्रेकॉन नावाची दुसरी इवली गांधीलमाशी शेतात अळ्यांचा फडशा पाडते, म्हणून शेतकऱ्याची लाडकी. पण तीच कॉर्सिराच्या टबात शिरली की अख्खी पैदास उठवते. शेतात मित्र, प्रयोगशाळेत दरोडेखोर! पतंगांच्या पंखांची भुकटी हवेत उडते ती वेगळीच. मास्क न लावता तिथे काम करणाऱ्याला शिंका थांबवता येत नाहीत.

क्रायसोपा या आणखी एका मित्रकीटकाची आई मात्र दूरदृष्टीची. तिची पिल्लं जन्मतःच खादाड, भावंडांनाही न सोडणारी. म्हणून ती प्रत्येक अंडं केसासारख्या देठावर अधांतरी ठेवते.

किडींमध्ये मावा पाळायला सर्वांत सोपा. नर लागतच नाही. मादी थेट पिल्लं देते, आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिल्लं वाढायला लागलेली असतात. आई, लेक, नात एकाच देहात. एका मादीपासून आठवडाभरात फांदी भरते ती अशी.

पेटीतले किडे, पेटीला किडे

बीएस्सी ॲग्रीच्या विद्यार्थ्याचा कीटकशास्त्राशी पहिला खरा संबंध येतो तो कीटकसंग्रहामुळे. जाळं घेऊन बांधाबांधाने हिंडायचं, किडे बाटलीत मारायचे, वाळवायचे आणि पेटीत टाचायचे. टाचणीचेही नियम कडक. भुंग्याला ती उजव्या पंखातून टोचायची, मधोमध नाही. ढेकणाच्या कुळातल्याला पाठीवरच्या त्रिकोणातून. फुलपाखराचे पंख तर पाटीवर पसरून कागदी पट्ट्यांनी दाबून ठेवायचे. खाली चिठ्ठी हवीच: कुठे, कधी, कशावर, कुणी पकडला. चिठ्ठी नसलेला किडा कितीही देखणा असला तरी संशोधनाच्या दृष्टीने कवडीमोल.

एवढं जपूनही पेटीवर संकट येतं ते किड्यांचंच. डर्मेस्टिड भुंग्यांच्या अळ्या वाळलेले किडे मिटक्या मारत खातात. शेवटी टाचणीवर भुसा तेवढा उरतो. कीटकांच्या संग्रहात डांबरगोळ्या ठेवतात त्या यासाठी.

परीक्षेत ‘स्पॉटिंग’ असतं. घंटा वाजते, पुढच्या टेबलावर सरकायचं, समोरचा नमुना ओळखायचा. पण खरं स्पॉटिंग शिवारात होतं. २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकातल्या शिवमोग्याच्या मक्यावर अमेरिकन लष्करी अळी सापडली आणि पुढे ती महाराष्ट्रातही आली. तिची ओळख चेहऱ्यावरूनच पटते: डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके. शेतकरी मोबाइलवर फोटो पाठवतात तेव्हा शास्त्रज्ञ आधी या दोन खुणा शोधतात.

हुमणी या जमिनीतल्या अळीसाठी वळवाचा पाऊस गाठावा लागतो. पहिल्या सरींनंतर दिवेलागणीला तिचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात. फांद्या हलवायच्या, खाली पडलेले गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. जमिनीतल्या अळीला गाठण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

रुमालाची गोष्ट

बिहारमधल्या पुसा इथल्या संशोधन संस्थेत हॉवलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या एका शेजाऱ्याने डास पळवायला रुमालावर सिट्रोनेला तेल लावलं, तर फळमाश्याच झुंडीने येऊन चिकटल्या. आल्या त्या सगळ्या नर! हॉवलेटनी १९१२ मध्ये हे प्रसिद्ध केलं आणि पुढे तेलातल्या वासांचा माग काढत ते मिथिल युजेनॉलपर्यंत पोचले. कोकणात आंब्याच्या बागेत लटकणारा दापोली विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा याच वासावर चालतो. नर वासाला भुलून आत शिरतो आणि तिथेच मरतो. बागेतल्या माद्यांना जोडीदार मिळत नाही. तळाशी साचलेल्या माश्या मात्र अधूनमधून बागायतदारालाच काढून टाकाव्या लागतात.