सत्तर टक्क्यांचा हिशेब

रायगड जिल्ह्यात अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर कुणाला कुत्रं चावलं की पहिली मागणी येते ती सगळी भटकी कुत्री उचलून नेण्याची. रेबीज थांबवायचा असेल तर करायला हवं ते याच्या उलट. कुत्री आहेत तिथेच राहू द्यायची आणि दरवर्षी त्यांतल्या निदान 70 टक्क्यांना लस टोचायची. याचा दाखला शोधायला दूर जावं लागत नाही. ‘मिशन रेबीज’ या संस्थेने 2013 पासून गोव्यात काम सुरू केलं, त्याला राज्य सरकारची साथ मिळाली आणि वर्षाकाठी 95 हजारांवर कुत्र्यांना लस देण्यापर्यंत मजल गेली. 2019 पर्यंत कुत्र्यांमधला रेबीज 92 टक्क्यांनी घटला, माणसांचे मृत्यू थांबले. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ नेहमी कुत्र्याकडूनच येतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर त्यावर इलाज उरत नाही. म्हणून ही मोहीम माणसांचीच आरोग्यसेवा आहे, असं मी मानतो.

तिची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. लांब दांड्याचं गोल जाळं कुत्र्यावर पडतं, दांडा फिरवून तोंड बंद केलं जातं, जाळ्यातूनच मांडीत सुई जाते, अंगावर रंगाचा पट्टा ओढला जातो आणि कुत्रं सुटतं. त्याच आळीतून नंतर मोजणीवाले फिरतात. रंगाची किती, बिनरंगाची किती, हे मोबाइलवर नोंदवतात. प्रमाण सत्तरच्या खाली निघालं तर पथक पुन्हा त्याच आळीत जातं. मला या सगळ्यात मोजणी सर्वांत मोलाची वाटते. नुसत्या ‘इतक्या लसी दिल्या’ या आकड्यावरून किती कुत्री राहून गेली ते कळत नाही. शंभर टक्के गाठायची गरजही नसते. पिसाळलेलं कुत्रं सरासरी एक-दोन कुत्र्यांनाच रोग देतं, त्यामुळे बहुतेक कुत्री सुरक्षित झाली की साखळी तुटते.

मग उचलून नेण्यात वाईट काय? लस घेतलेलं कुत्रं गेलं की त्याच्या जागी बिनलशीचं येतं. सुक्या मासळीची खळी आणि हॉटेलांचं खरकटं आहे तोवर ती जागा रिकामी राहत नाही. कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे 2023 चे केंद्रीय नियमही नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं मूळ जागी सोडायला सांगतात. शाळा, रुग्णालयं, बसस्थानकांची आवारं मात्र सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये यातून वेगळी काढली: तिथून उचललेलं कुत्रं परत तिथे सोडायचं नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लशीने चावे कमी होत नाहीत. खरंच होत नाहीत. त्यासाठी नसबंदी आणि कचऱ्याची सोय लागतेच. पण नसबंदीला शस्त्रक्रिया, पिंजरे आणि काही दिवसांची देखभाल लागते, लशीला काही मिनिटं पुरतात. एकीची वाट पाहत दुसरी अडवून ठेवणं मला अक्षम्य वाटतं.

इतर रोगांतही प्रतिबंधाचंच पारडं जड भरतं. कुत्र्यांच्या जननेंद्रियावरची संसर्गजन्य गाठ व्हिन्क्रिस्टिन या औषधाने बरी होते, पण त्यासाठी तेच मोकाट कुत्रं दर आठवड्याला, चार-सहा वेळा सापडावं लागतं. डिस्टेंपरवर नेमकं औषधच नाही. त्याचा विषाणू गावाच्या वेशीवरही थांबत नाही. 2018 मध्ये गीरच्या मेलेल्या सिंहांत तो सापडला होता. मुरूडलगतच्या फणसाड अभयारण्यात बिबटे आहेत, धोका त्यांनाही आहे.

भूगोल रायगडच्या बाजूने आहे. धरमतर, कुंडलिका, राजपुरी आणि बाणकोटच्या खाड्यांनी किनाऱ्याचे तुकडे आधीच पाडलेत. पूल आणि पूर्वेची जमिनीची बाजू सांभाळली तर एकेक तुकडा मोजून पुरा करता येईल. लस थंड ठेवायला बंदरावर बर्फही मिळतो, फक्त लशीची कुपी त्याला थेट टेकू द्यायची नाही, गोठलेली लस वाया जाते. हे एकेकट्या ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं काम नव्हे. जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने दोन खाड्यांमधल्या सगळ्या गावांची तारीख एकच ठरवावी आणि मोजणीचा निकाल प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लावावा.