पाच सुती पाना

इंजिनाचं चेंबर उतरवून झालं, तसं मिस्त्रींनी दोन नंबरच्या कनेक्टिंग रॉडची टोपी खोलली. आतली बेअरिंगची अर्धगोल पट्टी अंगठ्यानं सरकवत बाहेर काढली, उलटी केली आणि तिची पाठ फडक्यानं पुसली. पाठीवर बारीक आकडे ठोकलेले होते : ०२०.

“भाऊ, हे इंजिन दोनदा बांधलेलं आहे,” ते म्हणाले.

वडिलांना एकदाच आठवत होतं. कापूस एकाधिकार खरेदीचा अडकलेला चुकारा हाती आला, त्या उन्हाळ्यात. साल त्यांना सांगता येईना, पण चुकारा आठवत होता. मग आधीचं कधीचं? आजोबांच्या काळातलं असणार. घरात त्याची आठवण कुणालाच नव्हती. ट्रॅक्टरच्या पोटात मात्र त्याची नोंद होती.

हे आकडे वाचायची रीत सोपी आहे. क्रँकशाफ्ट झिजला की तो मशीनवर घासून पुन्हा गोल करतात. घासल्यानं तो बारीक होतो, म्हणून बेअरिंग तेवढी जाड घालावी लागते. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले दहा, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर, पहिल्या खेपेला जातात. पुढच्या खेपेला एकूण वीस, मग तीस, मग चाळीस. मिस्त्री लोक ‘दहा साइज’, ‘वीस साइज’ म्हणतात. आमचा क्रँक वीसवर होता, म्हणजे तीस आणि चाळीस शिल्लक होते. माणसाच्या हिशेबात धरलं तर माझं आणि माझ्या मुलाचं वय त्यात बसेल.

हा ट्रॅक्टर म्हणजे बी-२७५. नांदेड-लातूरकडच्या चाळिशीपुढच्या कुणाही शेतकऱ्याला नुसतं ‘दोनशे पंच्याहत्तर’ म्हटलं तरी लाल बॉनेट डोळ्यापुढं येतं. पण त्याचा जन्म इंग्लंडातल्या डोंकास्टर गावचा. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीनं तिथल्या कारखान्यात १९५८ पासून हे मॉडेल काढलं. चार सिलिंडर, १४४ घन इंचांचं डिझेल इंजिन, पस्तीस हॉर्सपॉवर, आठ गिअर पुढचे आणि दोन मागचे. पुढं १९६३ साली महिंद्र, व्होल्टास आणि हार्वेस्टर या तिघांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया उभी केली आणि मुंबईत कांदिवलीला बी-२७५ बनू लागला. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. डोंकास्टरचा कारखाना हात बदलत बदलत २००७ साली बंद पडला. आज महिंद्र जगात सर्वाधिक ट्रॅक्टर बनवणाऱ्यांत गणली जाते, आणि तिच्या ताफ्यात २७५ हा आकडा अजून चालतो. विलायतेतल्या गावात ज्याचं कूळ संपलं, त्याचा वंश आपल्याकडं वाढला.

आजोबांनी हा घेतला त्या काळात पैसे असले तरी ट्रॅक्टर मिळत नसे. मागणी फार आणि माल थोडा, म्हणून १९७१ मध्ये केंद्र सरकारनं ट्रॅक्टरच्या वाटपावर आणि विक्रीवरच नियंत्रण आणलं होतं. नंबर लावायचा आणि वाट बघायची. आजोबांनी भूविकास बँकेचं कर्ज काढलं, सातबाऱ्यावर बोजा चढला, आणि आजी सांगायची की बोजा उतरेपर्यंत तुझ्या आजोबांनी नवं धोतर घेतलं नाही.

आमच्या किनवटसारख्या तालुक्यात ट्रॅक्टर कशाला हवा होता, हे बाहेरच्या माणसाला पटकन उमगत नाही. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. भाषावार रचनेत तो नांदेडला जोडला गेला. बाजाराच्या दिवशी इथं आजही मराठी, तेलुगू, गोंडी आणि बंजारा चारही भाषा कानावर पडतात. सागवानाचं जंगल, उतारावर मुरमाड, आणि पैनगंगेच्या अंगाला काळी. ही काळी जमीन पिकायला जेवढी चांगली तेवढीच नांगरायला वाईट. ओली असली की फाळाला चिकटते, वाळली की दगड होते. त्यात हरळी आणि कुंदा. वखरानं वरचं गवत कापलं जातं, खालची काशी जिवंत राहते आणि पहिल्या पावसात पुन्हा वर येते. कुंद्याच्या मुळापर्यंत बैलाचा नांगर जाता जात नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४९ मध्ये, भारतानं जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचं कर्ज काढलं होतं ते असल्याच खोल मुळांच्या कास गवतानं गिळलेल्या जमिनी ट्रॅक्टरनं मोकळ्या करायला. गवत ही किरकोळ गोष्ट नाही, हे दिल्लीलाही तेव्हा कळलं होतं.

आमच्या ट्रॅक्टरनं घरची जमीन नांगरली ती थोडी, दुसऱ्यांची जास्त. उन्हाळाभर तांड्यांवर आणि वाड्या-वस्त्यांवर भाड्यानं नांगरट चालायची. नंतर नवे ट्रॅक्टर आले, आमचा मागं पडला, आणि एका पावसाळ्यात गोठ्याच्या पडवीत लावला तो तिथंच राहिला. दहाएक वर्षं गेली. सायलेन्सरमध्ये पावसाचं पाणी उतरलं, इंजिन जाम झालं. भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला. दुसऱ्या खेपेला वडील काही बोलले नाहीत. ते उठून पडवीत गेले आणि सीटवर बसून राहिले. ते बघून मी मिस्त्रींना फोन केला.

मिस्त्रींनी पहिले चार दिवस काहीच केलं नाही, असं बघणाऱ्याला वाटलं असतं. त्यांनी चारही नॉझल काढले, भोकांतून डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं आणि वर चिंध्या कोंबल्या. रोज सकाळी यायचे, जॅकवर उचललेलं मागचं चाक टॉप गिअरमध्ये टाकून पुढं-मागं ढकलून बघायचे, आणि चहा पिऊन जायचे. चौथ्या दिवशी चाक बोटभर हललं. “सुटलं,” ते म्हणाले. जाम इंजिनाला दांडगाई केली तर रिंगा तुटतात आणि सिलिंडरला चरे पडतात. वाट बघणं हाही कामाचाच भाग आहे, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

घाई माझ्याकडूनच झाली. एका दुपारी ते जेवायला गेले असताना मी माझा सोळा नंबरचा पाना घेऊन बोल्ट सोडायला बसलो. तीन बोल्टांची डोकी गोल करून ठेवली. मिस्त्रींनी परत आल्यावर बघितलं, रागावले नाहीत, आपल्या पेटीतून काळा पडलेला एक पाना काढून माझ्या हातात दिला. “हा इंची ट्रॅक्टर आहे, भाऊ. हे पाच सूत आहे, सोळा नंबर नाही.”

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाच सूत म्हणजे १५.८७५ मिलिमीटर. सोळाचा पाना त्यावर बसतो, आणि बसतो म्हणूनच फसवतो. केसभर ढिला राहतो, जोर लावला की कोपरे खातो. नव्या ट्रॅक्टरांना सगळं मिलिमीटरमध्ये लागतं, त्यामुळं इंची पाने बाजारातून कमी होत चालले आहेत. मिस्त्रींकडचा तो संच त्यांच्या उस्तादाचा. सुतार, लोहार, खरादवाले, गवंडी सगळे पिढ्यान् पिढ्या सुतातच मोजत आले. त्यामुळं अमेरिकन कंपनीचं इंची इंजिन आपल्या मिस्त्रीच्या हातात आलं तेव्हा माप त्याच्या तोंडी आधीच होतं. बी-२७५ मराठवाड्यात एवढा टिकला त्याचं एक कारण मला इथं दिसतं. हा ट्रॅक्टर खोलता येण्यासारखा बनवलेला आहे. त्यात एकही जागा अशी नाही की जिथं पाना, पोपट पाना, हातोडी आणि समजूतदार माणूस पोचत नाही. आज ट्रॅक्टरमध्येही सेन्सर आणि कंट्रोल युनिट येऊ लागली आहेत; तिथं लिंबाखाली बसलेला मिस्त्री हतबल होतो आणि शेतकरी पेरणीच्या तोंडावर सर्व्हिस सेंटरच्या तारखेवर अवलंबून राहतो. मला हे बोचतं. नवं यंत्र वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण ज्याचं कर्ज माझ्या नावावर आहे, ते मला उघडता आलं पाहिजे.

हेड उतरलं तेव्हा आतून विहिरीच्या पाण्याचा क्षार निघाला, पाण्याच्या वाटांमध्ये चुन्यासारखा थर बसलेला. स्लीव्ह नवे घालायचे ठरले, पिस्टन-रिंगा नव्या, व्हॉल्व घासून बसवायचे. क्लचसाठी ट्रॅक्टर मधून खोलून इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागले. पडवीत त्याचे दोन भाग बघून आई म्हणाली, आता हा काही उभा राहत नाही.

क्रँक घासायला नांदेडला न्यायचा होता. पोत्यात गुंडाळून आम्ही दोघं किनवट स्टेशनवर गेलो. गाडीत मी तो सीटखाली आडवा सरकवायला लागलो तर मिस्त्रींनी हात धरला. क्रँक आडवा ठेवत नाहीत. स्वतःच्या वजनानं बाक येतो असं जुने लोक मानतात. बाक आला तर मेन बेअरिंग तापतात. म्हणून मुदखेडपर्यंत आणि पुढं नांदेडपर्यंत तो आमच्या दोघांच्या गुडघ्यांमध्ये उभा होता. समोरच्या म्हातारीनं विचारलं, देव आहे का? मिस्त्री म्हणाले, “आहे तसाच.”

परत आला तो तीस साइज होऊन. जर्नल आरशासारखे चकचकत होते.

रंगाचा वाद घरात झाला. भावाला मेटॅलिक रंग, स्टिकर आणि टपावर स्पीकर हवा होता. मी हट्टानं कंपनीच्या जुन्या लालावर अडून राहिलो, आणि बॉनेटच्या उजव्या अंगाचा पोचा काढू दिला नाही. चिंचेची फांदी मोडून पडली तेव्हाचा तो आहे, आणि त्या दिवशी आजोबा सीटवर होते. जुनं यंत्र नीट करणं म्हणजे ते शोरूममधून आणल्यासारखं करणं, हे मला मान्य नाही. सील नवं हवं, बेअरिंग नवी हवी, ब्रेक नवे हवेत. पोचा नवा करायची गरज नसते.

अक्षय्य तृतीया होऊन आठवडा झाला होता. बॅटरी लावली, पंपावरचा स्क्रू ढिला करून डिझेलमधली हवा काढली, फेस जाऊन अखंड धार येईपर्यंत. या जुन्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर फवारलं जात नाही, हेडमधल्या छोट्या कप्प्यात पडतं, आणि थंड कप्पा दाबलेल्या हवेची ऊब खाऊन टाकतो. म्हणून आधी हीटर लागतो. नव्या मॉडेलच्या नावापुढं ‘डीआय’ असतं ते थेट फवारणीचं, डायरेक्ट इंजेक्शनचं. वडिलांनी हीटरचं बटण दाबून धरलं आणि ओठ हलवत आकडे मोजले. कितीपर्यंत मोजायचं हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. पंचविसाला सेल्फ मारला.

पहिल्यांदा पांढरा धूर आला, मग काळा, मग इंजिनानं लय धरली. मिस्त्रींनी रेस वाढवू दिली नाही. ब्रीदरवर तळहात ठेवला, काढला, उजेडात धरून बघितला. हात कोरडा होता. ऑइलच्या प्रेशरचा काटा बघितला. मग पान्यांची पेटी आवरायला बसले, मोजून एकेक पाना आत ठेवत.

जाताना सांगून गेले : पहिले पन्नास तास ओढ कमी, आणि पन्नास तासांनी ऑइल बदलायचं. तासाचं मीटर कधीचं बंद आहे. वडील टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला खडूनं रेघा मारतात, तासाला एक. जुन्या ०२० च्या पट्ट्या त्यांनी फडक्यात बांधून त्याच पेटीत ठेवल्या आहेत. काल नदीकडच्या तुकड्यात हलका वखर फिरवला, तेव्हा सतरावी रेघ पडली.