आपण टीव्ही बघतो, टीव्ही काय बघतो?

विष्णुपुरीत आता आपल्या गटांतल्या बऱ्याच जणी हप्त्यावर स्मार्ट टीव्ही घेतात. दुकानातला मुलगा येतो, टीव्ही भिंतीला लावतो, नेट जोडतो आणि पडद्यावर काही विचारलं की ‘आय अ‍ॅग्री’ दाबत सुटतो. गटात कर्जाच्या कागदावर अंगठा द्यायच्या आधी आपण तो मोठ्यानं वाचून घेतो. इथं मात्र आपल्या घराची संमती परका पोरगा देऊन जातो.

ही संमती कशाची? अनेक स्मार्ट टीव्हींत पडद्यावरचं चित्र ओळखायची सोय असते. टीव्ही थोड्या थोड्या वेळानं चित्राचा बारीक नमुना कंपनीकडं पाठवतो. तिथं तो साठवलेल्या कार्यक्रमांशी ताडून बघतात. तुम्ही डिशवर मालिका बघितली तरी कोणती, किती वेळ, याची नोंद होऊ शकते.

‘आमच्या मालिकांचं कुणाला काय करायचंय?’ असं बाया म्हणतात. 2017 साली अमेरिकेत व्हिझिओ या टीव्ही कंपनीला याच कारणावरून 22 लाख डॉलर भरावे लागले. 1 कोटी 10 लाख टीव्हींवर काय चाललंय, हे ती लोकांना नीट न विचारता सेकंदासेकंदाला टिपत होती. आधी विकलेल्या टीव्हींतही अपडेट पाठवून ही सोय घातली होती. त्या नोंदी विकल्या जात, आणि त्यांना वय, उत्पन्न, लग्न, घर स्वतःचं आहे का, अशी माहिती जोडता येत होती.

यूट्यूबचं आणखी वेगळं. टीव्हीवर मुलाचं खातं चालू असेल, तर दुपारी एकटीनं बघितलेला पिशवीच्या दुखण्याचा व्हिडिओ त्याच्या मोबाइलच्या हिस्टरीतही दिसतो. जे सासूलाही सांगितलं नाही, ते असं कळावं का?

आपल्याकडं 2023 साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. अंमल टप्प्याटप्प्यानं होतोय. त्यानुसार संमतीची सूचना मराठीत मिळायला हवी, आणि दिलेली संमती काढून घेणं देण्याइतकंच सोपं हवं.

तोवर रिमोट हातात घ्या. सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी’ किंवा ‘टर्म्स’ शोधा. सॅमसंगमध्ये ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’, एलजीत ‘लाइव्ह प्लस’ अशी नावं असतात. मॉडेलप्रमाणे ती बदलतात. ते बंद केल्यानं टीव्ही बंद पडत नाही. इंग्रजी अडलं तर कॉलेजातल्या पोरीला शेजारी बसवा. आणि फक्त डिशच बघत असाल, तर टीव्हीला वायफायचा पासवर्ड देऊच नका. मालिका तशाच दिसतात.