छातीच्या फोटोतला ठिपका

न्युमोनिया आहे का ते पाहायला छातीचा फोटो काढावा आणि निघावा पित्ताशयातला खडा, असा अनुभव करोनाच्या साथीत आपल्याकडे पुष्कळ घरांना आला. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले आणि वर्षभरात ‘एचआरसीटी’ हा शब्द आजीबाईंच्याही तोंडी बसला. ‘स्कोअर किती?’ पंचवीसपैकी जितके गुण जास्त तितकी धडकी मोठी, अशी ही उफराटी परीक्षा!

महाड तालुक्यातील तुडीलसारख्या गावाला हे यंत्र दारातले नव्हे. गाडी ठरवायची, घरचे एक माणूस बरोबर घ्यायचे, दोघांचा रोज बुडवायचा. सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये यंत्राच्या प्रकाराप्रमाणे २००० ते ३००० रुपये अशी दराची कमाल मर्यादा ठरवली. पण हातावर पोट असलेल्याला तीही थोडी नव्हे. एवढे करून रिपोर्टात करोनाच्या खाली आणखी एक ओळ यायची: फुप्फुसात ४ मिलिमीटरचे नोड्यूल. नोड्यूल म्हणजे गाठ, असे कोणी सांगितले की घर हादरलेच. आपल्या कानाला ‘गाठ’ म्हणजे कर्करोगच वाटतो.

वाचकहो, यात यंत्राचा दोष नाही. हाउन्सफील्ड या इंग्रज इंजिनियरने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये याच पद्धतीने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र काढले. १९७९ साली कॉर्मॅक यांच्यासह त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पावाच्या चकत्या कराव्यात तशा हे यंत्र शरीराच्या चकत्या दाखवते, आणि आपण काय विचारले होते याच्याशी त्याला कर्तव्य नसते. छातीबरोबर हृदय, यकृताचा वरचा भाग, गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा खालचा भाग, सगळेच चौकटीत येते. त्यातून आपला देश क्षयाचा. लहानपणी क्षयाचे जंतू छातीत शिरले, शरीराने ते परस्पर दाबून टाकले आणि जागेवर चुन्याचा खडा राहिला, अशी माणसे आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत. त्यांना त्याची गंधवार्ताही नसते.

अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक अट्टल धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या तपासणीचे निकाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. सीटीच्या सुमारे चौथा हिस्सा तपासण्यांत काहीतरी संशयास्पद दिसले. त्यांतल्या शंभरांपैकी सुमारे ९६ वेळा तो कर्करोग नव्हता. मात्र साध्या एक्सरेच्या गटापेक्षा सीटीच्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा रिपोर्ट फाडून फेकणे हाही शहाणपणा नव्हे.

फ्लाइश्नर सोसायटी या तज्ज्ञमंडळाने २०१७ मध्ये ठरवून दिलेली मापे डॉक्टर सहसा पाळतात. पस्तिशी ओलांडलेल्या, पूर्वी कर्करोग न झालेल्या आणि विडी-सिगारेट न ओढणाऱ्या माणसात ६ मिलिमीटरहून लहान, भरीव ठिपका असेल तर पुन्हा स्कॅनची गरज सहसा नसते. ६ ते ८ मिलिमीटरच्या एकट्या ठिपक्यासाठी सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा पाहावे. त्याहून मोठ्याची चौकशी मात्र लांबवू नये. माझ्या मते दुर्लक्ष होते ते दुसऱ्याच ओळीकडे: हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेला चुना. ठिपक्याने झोप उडालेला गृहस्थ ती ओळ वाचतही नाही. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यायला सांगणारी ओळ तीच!

ठिपक्याचा निकाल लागतो तो बहुधा जुन्या फोटोवरून. भरीव ठिपका दोन वर्षांत तसूभर वाढला नसेल तर डॉक्टर बहुतेक निश्चिंत होतात. पण २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. घरातला चिखल उपसणाऱ्यांनी गेल्या वर्षीची फिल्म कुठे शोधावी? ज्या केंद्रात स्कॅन झाला तिथल्या संगणकात चित्रे जतन असली तर प्रत मिळू शकते. नाव, तारीख आणि असल्यास पावती घेऊन विचारावे. तुडीलच्या माणसाला त्यासाठी पुन्हा गाडी धरावी लागेल, पण नव्या स्कॅनच्या खर्चापुढे ते भाडे किरकोळच.