फिश सॉस: बाटलीतलं मासळीचं मीठ

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आम्हाला पहिला प्रश्न हाच आला की बुलढाणा जिल्ह्यात फिश सॉसवर व्याख्यान कशाला? समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. आपल्याकडचं ताजं मासळीचं खाणं म्हणजे धरणातली, तलावातली मासळी. मग या परदेशी बाटलीचं आपल्या ओट्यावर काय काम?

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आधी आपण बाजारात जाऊ. आपल्या आठवडी बाजारात एका बाजूला, बहुधा वाऱ्याच्या दिशेला, सुकट-बोंबील विकणारे बसलेले असतात. आता बघा, समुद्र न पाहिलेल्या कितीतरी घरांत ही सुकट पिढ्यान्‌पिढ्या शिजत आली आहे. तव्यावर मूठभर सुकट भाजायची, कांदा, तिखट, लसूण घालायचं, चार वांग्यांच्या फोडी टाकायच्या. मूठभर सुकटीवर भांडंभर भाजी उभी राहते आणि ज्वारीच्या भाकरी सरसर संपतात. मासा इथे पोट भरायला घातलेला नसतो. तो चव द्यायला असतो. ही गोष्ट आपल्या आयाबायांना कुणी पुस्तकातून शिकवलेली नाही.

फिश सॉस नेमकं हेच काम करतो. फरक इतकाच की सुकट कोरडी आहे आणि हा पातळ आहे.

तो बनतो कसा?

व्हिएतनाममध्ये त्याला 'नुओक माम' म्हणतात, थायलंडमध्ये 'नाम प्ला'. समुद्रातले बोटभर लांबीचे मासे घ्यायचे, आपल्या मांदेलीच्या कुळातले. साधारण तीन भाग मासे आणि एक भाग मीठ, वजनाने. हे थर मोठ्या पिंपात भरून, वर वजन ठेवून, वर्षभर किंवा त्याहूनही जास्त काळ ठेवायचे. व्हिएतनामच्या फू क्वॉक बेटावर हे पिंप लाकडाचे असतात. तिथल्या सॉसच्या नावाला 2012 साली युरोपीय संघानेही भौगोलिक संरक्षण दिलं.

आता कुणी म्हणेल, वर्षभर ठेवलेला मासा सडणार नाही का? सडत नाही, कारण एवढ्या मिठात सडवणारे जिवाणू तग धरत नाहीत. पण माशाच्या पोटातले पाचकरस आपलं काम करत राहतात. ते माशातली प्रथिनं तोडतात आणि त्यांचे लहान लहान तुकडे, म्हणजे अमिनो आम्लं, पाण्यात उतरतात. मासा जणू स्वतःलाच पचवतो. शेवटी चहासारखा लालसर, स्वच्छ द्रव निथळतो. तोच फिश सॉस.

या अमिनो आम्लांत ग्लुटामेट भरपूर असतं. 1908 साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या सुपातून ते वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' हे नाव दिलं. गोड, आंबट, खारट, कडू यांच्या जोडीची ही पाचवी चव. पिकलेल्या टोमॅटोत, मटणाच्या रश्श्यात, भाजलेल्या सुकटीत आपल्याला जी भरीव चव लागते, तिच्यात या उमामीचा मोठा वाटा आहे.

आणि ही कल्पना फक्त पूर्वेची नाही बरं का. रोमन लोकांचा 'गारम' असाच बनायचा. पुदुचेरीजवळच्या अरिकमेडूच्या उत्खननात रोमन व्यापारातले मातीचे कुंभ सापडले, त्यांत गारम वाहून आणणाऱ्या कुंभांचे तुकडेही ओळखले गेले आहेत. म्हणजे मासळीचा सॉस भारताच्या किनाऱ्यावर एकदा, दोन हजार वर्षांपूर्वी, येऊन गेला आहे.

मिठाचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. आम्ही पहिल्यांदा घरी फिश सॉस आणला तेव्हा भाजीत नेहमीचं मीठ घातलं आणि वरून दोन चमचे सॉस ओतला. भाजी तोंडात धरवेना. चूक सॉसची नव्हती, आमची होती. आम्ही त्याला मसाला समजलो होतो. तो मीठ आहे.

हिशेब असा. एक सपाट छोटा चमचा मीठ म्हणजे सुमारे 6 ग्रॅम, त्यात सुमारे 2300 मिलिग्रॅम सोडियम. तेवढाच एक चमचा फिश सॉस घेतला तर सोडियम येतं साधारण 450 ते 500 मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या पाचव्या हिश्श्याइतकं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सोडियम 2000 मिलिग्रॅमच्या आत.

समजा चार माणसांच्या रश्श्याला तुम्ही एक चमचा मीठ घालता. त्याऐवजी अर्धा चमचा मीठ आणि एक चमचा फिश सॉस घाला. सोडियम 2300 वरून साधारण 1600 वर येतं, आणि उमामीमुळे रस्सा अळणी लागत नाही. पण मीठ तेवढंच ठेवून वरून सॉस घातला, तर तुम्ही मीठ वाढवलं. एकच वस्तू, वापर उलटा झाला की परिणामही उलटा.

हे इथे एवढं ताणून सांगायला कारण आहे. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्टा आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद इकडच्या मंडळींना तो समजावून सांगायची गरज नाही. विहिरीचं, बोअरचं पाणीच खारट. त्या गावांतून किडनीच्या रुग्णांच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. जिथे वरण शिजवायचं पाणीच खारं आहे, तिथे मीठ हातानेच, सवयीने पडू नये. आधी चाखा, मग घाला.

आणि ज्यांच्या घरी किडनीचा किंवा रक्तदाबाचा रुग्ण आहे, त्यांनी फिश सॉस डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून जे मिळतं, त्यात बहुतेक वेळा पोटॅशियम असतं. किडनीच्या रुग्णाला तेही धोक्याचं ठरू शकतं. कमी सोडियम म्हणजे सर्वांना सुरक्षित, असं नाही.

घालायचा कुठे?

उग्र वास येतो म्हणून घाबरू नका. सॉस फोडणीत कांदा-लसणाबरोबर किंवा रस्सा उकळताना घातला की वास निवतो आणि चव मागे राहते. वांग्याची भाजी, अंड्याचा रस्सा, मटण, टोमॅटोची चटणी, या पदार्थांत तो छान मिसळतो. दूध-दह्याच्या पदार्थांत नको.

आंबट आणि गोड यांच्याशी त्याचं जमतं. व्हिएतनाममध्ये जेवणाबरोबर एक पातळ चटणी असते: फिश सॉस, लिंबाचा रस, साखर, पाणी, ठेचलेला लसूण आणि मिरची. ऐकून काही आठवलं का? आपला ठेचाच की! ठेच्यात मीठ निम्मं करून पाव चमचा फिश सॉस आणि थोडं लिंबू पिळून बघा. सुकटीच्या चटणीत मात्र घालू नका. तिथे सुकट आपलं काम चोख करते, तिला मदतनीस लागत नाही.

विकत घेताना बाटलीवरचे घटक वाचा. मासे, मीठ, कधी थोडी साखर, इतकंच असेल तर उत्तम. काही बाटल्यांवर 30, 40 असे आकडे असतात. ते लिटरमागे नायट्रोजनचे ग्रॅम दाखवतात, आकडा जास्त म्हणजे प्रथिनांचा अंश जास्त. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवली की बरेच महिने टिकते. तळाशी खडे दिसले तर ते बहुधा मिठाचे असतात.

दोन प्रश्न, श्रोत्यांतून आलेले

एका काकांनी विचारलं, धरणातले मासे आणून घरीच केला तर? कंबोडियात गोड्या पाण्यातल्या माशांपासून 'प्राहोक' नावाचा आंबवलेला प्रकार करतात, हे खरं. पण काका, मिठाचं प्रमाण चुकलं किंवा मासा आधीच उन्हात राहिलेला असला, तर त्यात विषारी घटक तयार होऊ शकतात आणि ते वासावरून कळतीलच असं नाही. हा प्रयोग घरात नको.

दुसरा प्रश्न एका मावशींचा. त्यांच्या घरी सासरे माळकरी आहेत, शेगावची वारी करतात. त्या म्हणाल्या, "दोन थेंबांनी काय होतं? कळतसुद्धा नाही."

मावशी, कळत नाही हीच तर अडचण आहे. सुकट घरात भाजली की शेजारच्या गल्लीला कळतं. जो खात नाही तो आपोआप बाजूला बसतो. फिश सॉस मात्र मुकाट्याने रश्श्यात विरघळतो. म्हणून तो वापरणाऱ्यावर जबाबदारी जास्त. माळकऱ्याच्या ताटात, उपवासाच्या ताटात, मासळीची अ‍ॅलर्जी असलेल्या पाहुण्याच्या ताटात तो न सांगता जाता कामा नये. त्यांच्यासाठी भाजी आधी वेगळी काढा, मग उरलेल्यात सॉस घाला. त्यांच्या वाटणीला टोमॅटो नीट परतून घाला, तीच भरीव चव तिथूनही येते. बाहेरच्या थाई किंवा चायनीज पदार्थांबद्दलही हेच. नुसत्या भाज्या दिसतात म्हणून पदार्थ शाकाहारी ठरत नाही. विचारून घ्या, आणि बाटलीवरची शाकाहारी-मांसाहारी खूण बघून घ्या.

तर मंडळी, फिश सॉस आणायलाच हवा असा आमचा आग्रह मुळीच नाही. ज्याच्या घरी सुकट आहे त्याच्याकडे ही चव आधीपासून आहे. आणलाच, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा: तो घालाल तेव्हा मीठ कमी करा, आणि ज्याला वाढाल त्याला सांगून वाढा.

आज इथेच थांबतो.