फरशीच्या पोटातलं तेल

दारातलं रबरी पायपुसणं उचललं आणि खाली त्याच मापाचा पिवळट-तपकिरी चौकोन उमटलेला दिसला, ही तक्रार व्हिनाइल घातलेल्या घरांत हमखास ऐकू येते. मग साबण, सोडा, तारेची घासणी आणि शेवटी ॲसिड असा सगळा मारा होतो. डाग तसूभर हलत नाही. हलणार कसा? तो फरशीच्या आत शिरलेला असतो.

भाड्याच्या खोलीतल्या जुन्या लाद्या झाकणारा व्हिनाइलचा रोल असो की सागवानी दिसणाऱ्या पट्ट्या, मूळ पदार्थ एकच, पीव्हीसी. निव्वळ पीव्हीसी कडक असतं. सांडपाण्याचे पाइप त्याचेच. ते मऊ झालं अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात, आणि तेही चुकून. १९२६ साली बी. एफ. गुडरिच या रबर कंपनीत वाल्डो सेमन हा रसायनतज्ज्ञ रबर धातूला चिकटवायचं साधन शोधत होता. पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड बाहेर काढावं म्हणून त्याने ते एका द्रावकात तापवलं. चिकटवायला उपयोगी असं काही निघालं नाही. हाती आला तो वाकणारा, रबरासारखा गोळा. द्रावक आतच मुरलं होतं.

पीव्हीसीचे लांबलचक रेणू एकमेकांना घट्ट धरून बसतात. मध्ये तेलकट रेणू शिरले की हे लांब रेणू सुटे होऊन सरकू लागतात, शिजवलेल्या शेवयांना तुपाचा हात लावावा तसे. या तेलाला प्लॅस्टिसायझर म्हणतात. वर्षानुवर्षं त्यासाठी थॅलेट गटातली रसायनं वापरली गेली. त्यांतल्या डीईएचपी या एके काळी सर्वाधिक वापरल्या गेलेल्या थॅलेटवर युरोपीय संघाने २०१५ पासून परवान्याची अट घातली आहे. कारण ते प्रजननक्षमतेला घातक आहे, आणि हे तेल पीव्हीसीला रासायनिक बंधाने बांधलेलं नसतं. ते हळूहळू बाहेर पडतं, घरातल्या धुळीत मिसळतं. रांगतं मूल असलेल्या घरात रोल घेताना ‘थॅलेटमुक्त आहे का’ असं दुकानदाराला जरूर विचारावं. (एसपीसी नावाच्या कडक पट्ट्यांच्या गाभ्यात चुनखडीची पूड भरपूर आणि हे तेल नगण्य असतं, त्यामुळे पुढचं बरंचसं मऊ रोलला जास्त लागू.)

या तेलामुळे व्हिनाइलचा स्वभाव आपल्या नेहमीच्या लादीच्या उलटा होतो. पाण्याला ते आत येऊ देत नाही, पण तेलात विरघळणाऱ्या पदार्थांना वाट देतं. रबर लवकर तडकू नये म्हणून त्यात काही संरक्षक रसायनं घातलेली असतात. तीच पायपुसण्यातून व्हिनाइलमध्ये झिरपतात आणि तिथे रंग धरतात. सायकलचं टायर, वॉशिंग मशीनचे रबरी पाय, खुर्चीच्या बुडाची टोपणं, सगळ्यांची कथा तीच. हा डाग निघत नाही. त्यावर एकच उपाय, तो पडूच न देणं. त्यासाठी जुन्या साडीच्या चिंध्यांचं पायपुसणं कुठल्याही महागड्या मॅटपेक्षा सरस.

आपल्या स्वयंपाकघरातला खरा परीक्षक मात्र हळद. हळदीतलं कुर्क्युमिन पाण्यात जेमतेम विरघळतं, तेलात चांगलं. फोडणीचा थेंब ओट्याखाली पडला की तेल त्याला थेट आत नेऊन सोडतं. लगेच टिपून भांड्यांच्या लिक्विडने पुसलं तर बहुतेक वेळा निभावतं. धुण्याचा सोडा लावाल तर पिवळ्याचा लालसर होईल. अल्कलीत हळद लाल होते, पारंपरिक कुंकू त्यातूनच बनतं. घाबरू नये, तो नवा डाग नव्हे. हळदीचं एक बरं आहे, तिला ऊन सोसत नाही. खिडकीजवळचा हळदीचा डाग काही दिवसांत आपोआप फिका पडतो. म्हणून फरशीच उन्हात ठेवू नका मात्र. ऊन आणि उष्णता पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड काढत राहतात आणि फरशी पिवळी, ठिसूळ होते. सेमनला जे मुद्दाम घडवायचं होतं, ते पश्चिमेची खिडकी फुकटात घडवते. तिथे पडदा हवा.

आता फिनेल. काळं फिनेल म्हणजे डांबरापासून काढलेली फिनॉल गटातली द्रव्यं. ती व्हिनाइलला डागही पाडतात आणि मऊही करतात. पांढऱ्यातलं पाइन तेलही व्हिनाइलचा मित्र नव्हे. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन आणि रंगाचा थिनर यांचे तर थेंबही नकोत, पृष्ठभाग फुगून निस्तेज होतो. गंमत म्हणजे ज्या ॲसिडला आपण सर्वांत भितो त्याचं पीव्हीसीला फारसं काही वाटत नाही. सांध्यांतून ते खालच्या सिमेंटला मात्र खातं. आणि ब्लीचशी त्याची गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो. म्हणून तेही नकोच.

बादलीभर पाण्यात थोडंसं सौम्य लिक्विड आणि घट्ट पिळलेलं फडकं, एवढं पुरतं. बोअरच्या जड पाण्यात वडीचा साबण वापरला तर कॅल्शियमशी मिळून त्याचा चिकट थर बसतो, त्यावर धूळ धरते आणि पुसावं तितकी फरशी कळकट दिसते. पुसण्याआधीचा केर तर चुकवूच नये. चपलांबरोबर येणाऱ्या वाळूतलं क्वार्ट्झ व्हिनाइलपेक्षा कितीतरी कठीण. ओल्या फडक्याखाली ते कण फरफटले की बारीक ओरखडे उठतात. ‘चमक गेली’ म्हणतो ती बहुधा ह्याच ओरखड्यांमुळे.

वरून इतकं जपूनही दुखणं खालून येतं. तळमजल्यावर, विशेषतः कोकणात, जमिनीतली ओल सिमेंटमधून वर चढते. सिमेंट तीव्र अल्कधर्मी असल्याने या ओलीत डीईएचपीसारख्या प्लॅस्टिसायझरचे तुकडे पडतात. त्यातून सुटणाऱ्या २-इथिलहेक्झॅनॉल या अल्कोहोलमुळे खोलीला गोडसर, कोंदट वास येतो. उदबत्तीने तो झाकला जातो, जात नाही. कधी वर गुलाबी ठिपकेही उमटतात. फरशीखाली वाढलेल्या सूक्ष्मजीवांचं ते रंगद्रव्य असतं. तेलात विरघळत ते वर येतं. अशा ठिपक्यांवर ब्लीच ओतून उपयोग नाही, व्हिनाइल उचलून खालची ओलच शोधावी लागते.

नवा रोल अंथरण्याआधी साधी परीक्षा आहे. कोरड्या पुसलेल्या कोब्यावर दीड फूट चौरस पारदर्शक प्लॅस्टिक ठेवून चारही कडा टेपने बंद करायच्या आणि निदान १६ तासांनी पाहायचं. आतून दव धरलं किंवा खालचा कोबा गडद दिसला, तर आधी ओलीचा बंदोबस्त करायचा. ही परीक्षा मे महिन्यात उरकू नये, श्रावणात करावी.